ढोल्या, ती शेवटची चार गाणी बघ

प्रिय ढोल्या,

2025च्या जुलैत ब्लॅक सॅबथच्या गायकाचा, आपल्या ऑझी ऑस्बर्नचा, निरोपाचा कार्यक्रम झाला आणि त्याचं प्रक्षेपण आपण फोनवर बोलत बघत होतो. त्या रात्री तू मध्येच उठून फोन ठेवलास तेव्हा ऑझी 'मामा, आय'म कमिंग होम' म्हणत होता. पुढे 17 दिवसांनी तो गेला. तेव्हा ना तू फोन केलास, ना मी. रुसवा नव्हता तो, हे मला ठाऊक आहे. तुला त्या विषयावर बोलायचं नव्हतं आणि मला दुसऱ्या कुठल्याच विषयावर बोलायचं नव्हतं.

पत्र लिहितोय कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत. हिची पाठही आता बरी आहे. झालं तब्येतीचं.

परवा लंबूकडे गेलो होतो. त्याने बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानातल्या त्या दिवसाचं जे जे हाताला लागलं ते गोळा करून ओळीने लावून ठेवलंय. आम्ही सगळं पाहिलं. 'मामा' आलं तसा म्हणाला, "इथे ढोल्या उठला ना?" मी म्हटलं, हो. मग ऑझीचं स्वतःचं शेवटचं गाणं झालं, ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघं आले, ऑझी, गिटारवाला आयोमी, बासवाला गीझर, आणि ड्रम्सवर बिल वॉर्ड दिसला. लंबूने थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे त्याने हे अजून पाहिलंच नाही?" मी म्हटलं, नाही. त्यावर तो जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू भेटशील तेव्हा तो स्वतःच ऐकवेल.

अरे, वॉर्ड होता रे तो! ज्याच्यासाठी तू 2013चा, त्याच्याशिवाय केलेला तो अख्खा अल्बम ऐकायचा नाही म्हणून हटून बसलास. लंबूच्या गाडीत लागला तर हात घालून बंद केलास आणि पुढच्या वळणावर उतरून चालत गेलास. 2017 साली 4 फेब्रुवारीला बर्मिंगहॅममध्ये त्यांनी दौरा संपवला तेव्हा मी भारावलो होतो, आणि तू एवढंच म्हणालास, "तिघांचा निरोप. चौथ्याचा कुठाय?" मी वॉर्डच्या जागी वाजवणाऱ्या क्लुफेटॉसची बाजू घेतली, चांगला वाजवतो म्हटलं. आजही म्हणतो. त्यावरून तू काय काय बोलला होतास ते सगळं माझ्या लक्षात आहे. आणि ज्या रात्री तो चौथा 2005नंतर पहिल्यांदा त्या तिघांबरोबर येऊन बसला, वयाच्या 77व्या वर्षी, त्या रात्री तू दिवे मालवून झोपलास.

मला कारण माहीत आहे. तू फोनवर म्हणालास, "हा माणूस आजारी आहे, त्याला खुर्चीत बसवून वर आणलाय आणि चाळीस हजार लोक टाळ्या वाजवतायत. थांबवा रे कुणीतरी." तुझा आवाज मी तसा याआधी एकदाच ऐकला होता, काकांच्या वेळी. म्हणून मी तेव्हा उलट काही बोललो नाही. खरं तर प्रक्षेपण दोन तास उशिराचं होतं. तू थांबवा म्हणालास तेव्हा तिकडे मैदान रिकामं होत आलं असेल आणि ऑझीचं गाऊन झालं होतं. हे नंतर माझ्या मनात आलं आणि मग पुढे किती दिवस तेच येत राहिलं.

तुझं ते वाक्य मी सोडू शकलेलो नाही. आपण चाहते म्हणजे नक्की काय करतो? माणूस थकतो, पडतो, त्याच्या मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात, आणि आपण विचारत राहतो की पुढची तारीख कधी. त्याचा तो युरोपचा दौरा आठव. 2019ला पुढे ढकलला, मग पुन्हा, मग पुन्हा. 2020च्या जानेवारीत त्याने पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचं जाहीर सांगितलं तरी लोक तारखांची वाट बघत होते. आपणही बघत होतो. शेवटी 2023च्या फेब्रुवारीत त्यानेच सांगितलं की शरीर प्रवास झेपण्यासारखं उरलेलं नाही. तेव्हा तू म्हणालास, "सुटला बिचारा." मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. मला वाटलं, सुटला नाही, तो अडकलाय. निरोप न घेता घरात बसायची वेळ त्याच्यावर आलीय.

आणि 2022 विसरलास? 8 ऑगस्टला राष्ट्रकुल स्पर्धांच्या समारोपाला, कुणाला पत्ता नसताना, बर्मिंगहॅमच्याच अलेक्झांडर स्टेडियममध्ये तो आणि आयोमी उभे राहिले. किती मिनिटं ती! पण शेवटी "बर्मिंगहॅम फॉरएव्हर" म्हणून ओरडला तेव्हा त्याचा चेहरा बघितला होतास ना? तूच मला आधी फोन केलास त्या दिवशी. ओरडत होतास, बाजूला कुणाचं बाळ जागं झालं म्हणून वहिनी तुला आत ढकलत होत्या.

मग व्हिला पार्क वेगळं का? खुर्ची होती म्हणून? खुर्चीचंच बोलू.

तुला जे दिसलं ते मलाही दिसलं. काळं सिंहासन, मंचाखालून वर येणारं. डोळे तेच, विस्फारलेले. कमरेखालचं शरीर बसलेलं आणि कमरेवरचा माणूस 1970 सालातला. हात वर करून टाळ्या मागत होता. सहा वर्षं अंथरुणाला खिळलो होतो, मला काय वाटतंय त्याची तुम्हाला कल्पना नाही, असं म्हणाला. 'मामा'मध्ये त्याचा आवाज हलला, सुटला, परत सापडला. तू तिथे उठलास. आणि तिथेच मैदान त्याच्या मदतीला आलं, ढोल्या. त्याची ओळ जिथे विरत होती तिथे लोकांनी ती उचलली. त्याला झाकून टाकण्यासाठी कुणी गात नव्हतं. तो पुन्हा सुरात आला की गर्दी थोडी खाली यायची. चाळीस हजार माणसांना हे कुणी शिकवलं असेल?

आता काकांच्या पार्किन्सन्सचं लिहितो. रागावू नकोस. त्यांचा उजवा हात मांडीवर असला की कापायचा, आणि तू प्रॅक्टिस पॅड घेऊन बसलास की तोच हात खुर्चीच्या हातावर ठेका धरायचा, तेव्हा थांबायचा. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की या आजारात स्वस्थ पडलेला हात जास्त कापतो, हाताला काम दिलं की कंप कमी होतो. तूच मला ते दाखवलंस. मुद्दाम सावकाश वाजवत होतास आणि म्हणालास, "बघ, आता बघ." चालतानाही ते अडखळले की तू शेजारून पावलांचा ठेका मोजायचास आणि पाय सुटायचा. तुला कुणी सांगितलं असतं की आजारी माणसाला कशाला ताल धरायला लावतोस, तर तू त्याला घराबाहेर काढला असतास. मला त्या रात्री व्हिला पार्कमध्ये तेच दिसत होतं. फक्त ठेका धरणारे खूप होते.

तू म्हणशील, काकांना कुणी तिकीट लावून बघत नव्हतं. बरोबर. त्या दिवसाचे पैसे पार्किन्सन्सवर काम करणाऱ्या संस्थेला, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयाला आणि एकॉर्न्स या मुलांच्या हॉस्पिसला जायचे होते, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालास, तो मुद्दा नाही. तेही बरोबर. तो मुद्दा नाहीच.

मुद्दा जागेचा आहे. तो ॲस्टनचा पोरगा. ते मैदान त्याच्या लहानपणीच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मॅचच्या दिवशी ही पोरं लोकांच्या गाड्या राखायची आणि चार पैसे मिळवायची, हे त्यानेच सांगितलेलं. कत्तलखान्यात काम केलं, कारखान्यात गाड्यांचे हॉर्न तपासले. आयोमीच्या दोन बोटांची टोकं त्याच शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. (लंबूने दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळून "आता आला तो आवाज" म्हणून आपल्याला बोलावलं होतं, आणि गिटारला तार एकच उरली होती. परवा हे आठवून तो इतका हसला की त्याच्या लेकीला पाणी आणावं लागलं.) गीझर तर जन्माचा व्हिलाचा, त्याच मैदानाच्या फुटबॉल क्लबचा, चाहता. जगात कुठेही मोठं मैदान मिळालं असतं त्यांना. ते घरी आले. माणसाला शेवटचं कुठे बसायचंय हे ठरवायचा हक्क आपण त्याला द्यायचा की नाही?

आपलं जुनं भांडण इथे येणारच. तू डिओवाला, ऑझीनंतर सॅबथमध्ये गायला त्याचा. मान्य, गळा डिओचाच मोठा, 2010 साली तो गेला तेव्हा मीही रडलो. तुझं म्हणणं कायम हे की ऑझी गात नाही, गिटारच्या मागे मागे चालतो. खरंच आहे ते. सॅबथच्या पहिल्या अल्बमांत आयोमीचा रिफ, तो पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, ज्या वाटेने जातो त्याच वाटेने त्याचा गळा जातो. तू याला उणीव म्हणतोस. मला वाटतं म्हणूनच ती गाणी मैदानात उभ्या असलेल्या कुणालाही म्हणता येतात. डिओचं गाणं आपण ऐकतो, त्याच्याबरोबर गायची कुणाची छाती आहे? ऑझीचं गाणं सगळ्यांचं होतं, कारण त्यात त्याने स्वतःसाठी अवघड जागा ठेवल्याच नाहीत. 1974च्या कॅलिफोर्निया जॅमचं चित्रण पुन्हा बघ, मोटारींच्या शर्यतीचं मैदान, नजर पोचत नाही तिथवर माणसं, आणि हा पांढऱ्या झालरी उडवत बेडकासारखा उड्या मारतोय. त्या उड्या गेल्या, बाकी काय बदललं?

आणि मोकळ्या मैदानाबद्दलही तुझं चुकतंच. तुला बंद सभागृह हवं, झांज स्वच्छ ऐकू आली पाहिजे. वारा फिरला की मैदानात झांजा वाहून जातात, मान्य. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे मंचापासून 100 मीटरवरच्या माणसाला काठी आधी पडलेली दिसते आणि ठोका सेकंदाच्या जवळजवळ एक तृतीयांशाने मागून येतो. म्हणून तर मध्ये उभे केलेले स्पीकरचे मनोरे मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतात. पण लोकांच्या गळ्याला असं कुणी मागेपुढे करू शकत नाही. मागचा माणूस उशिरा ऐकतो, उशिरा गातो आणि त्याचं गाणं पुन्हा तेवढंच अंतर कापून मंचावर येतं. गाणाऱ्याला स्वतःची ओळ संपल्यावर ती लाटेसारखी परत ऐकू येते. आता गायकांच्या कानात मॉनिटर, म्हणजे छोटे स्पीकर, असतात, त्यांना ती अर्धीमुर्धीच कळते. पण ड्रमर? तूच सांगितलं होतंस की तो मैदानी कार्यक्रम वाजवताना ती लाट आली आणि तुझा डावा हात मागे ओढला गेला, आणि तू डोळे मिटून पायाला धरून राहिलास. मला तेव्हा कळलं नव्हतं तू कशाबद्दल बोलतोयस.

परवा कळलं. 'वॉर पिग्ज'. आधी भोंगा, हवाई हल्ल्याचा. मग तो संथ भाग. आणि मग ती जागा, तुला माहीत आहे कुठली. गिटार आणि बास दोन ठोके देऊन गप्प होतात. उरतो वॉर्डचा हाय-हॅट, ती पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. आणि त्यावर ऑझीने ओळ टाकायची. त्याने टाकली, पण ऐकू आलं ते मैदान. अख्खं मैदान ओळ म्हणतंय, थोडं मागे रेंगाळत, आणि त्या सगळ्या ओढीखाली एक म्हातारा माणूस, अंगात शर्ट नाही, हाय-हॅटवर सरळ चाललाय. त्याने लाटेला वाट दिली नाही आणि तिच्याशी झगडलाही नाही. जिथे ठोका असायला हवा तिथे ठोका होता, आणि तुला आवडतं ते त्याचं जाझवाल्यांसारखं हलकं झुलणंही होतं. क्लुफेटॉस इथे जोर लावतो. वॉर्ड सैल सोडतो. घे, मी हे लिहून देतो, फ्रेम करून लाव. लंबूने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, पुरे, हे ढोल्याशिवाय बघायचं नाही.

त्या दिवशी तीन ड्रमरांची जुगलबंदी लागली होती, चॅड स्मिथ, डॅनी केरी आणि ट्रॅव्हिस बार्कर, तेव्हा तू फोनवर नुसता किंचाळत होतास. तो यंगब्लड नावाचा पोरगा 'चेंजेस' गायला तेव्हा तू गप्प झालास आणि मग म्हणालास, "याला कोणी आणलं? देवानेच आणलं." (लंबूची लेक आता दिवसभर तेच ऐकते. त्याला वाटतं आपण जिंकलो.) स्लेयर, टूल, मेटॅलिका, सगळ्या बँडसाठी जागा राहिलास. आणि ज्यांच्यामुळे हे सगळे जन्मले, त्या चौघांच्या वेळी नाही. मी तुला दोष देत नाही, मला फक्त ते सहन होत नाहीये.

शेवट कसा झाला तेही सांगतो, म्हणजे तू तयार राहशील. काही मोठं भाषण वगैरे नाही. 'पॅरानॉइड' झालं, आतषबाजी, आणि गीझरने त्याला केक दिला. इतकंच. चौघांनी गळ्यात गळे घालून उभं राहावं असं मला वाटत होतं, तसं काही झालं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खट्टू झालो होतो. परवा वाटलं, बरंच झालं. एका गल्लीतली पोरं आहेत ती, अशी पोरं केकच देतात.

22 जुलैला तो गेल्याची बातमी आली. 30 तारखेला ब्रॉड स्ट्रीटवरून त्याला नेलं, पुढे ब्रास बँड, सॅबथचीच गाणी वाजवत. कालव्यावरच्या त्यांच्या नावाच्या पुलाशी गाडी थांबली, घरची माणसं उतरली, फुलांच्या ढिगापाशी उभी राहिली. तिथला तो बाक आहे ना, चौघांचे चेहरे असलेला, तो दिसतच नव्हता फुलांमुळे. आणि लोक "ऑझी, ऑझी, ऑझी" ओरडत होते, मैदानात ओरडतात तसे. रडतायत आणि ओरडतायत. कुणी कुणाला गप्प करत नव्हतं.

एवढं सगळं लिहूनही माझी काळजी मिटलेली नाही, ते सांगतो. त्याला गायचं होतं, म्हणून ते योग्य झालं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण त्याला गायचं नसतं तर? आपण विचारायचं थांबवलं असतं का? रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला, गिटारवाला एडी व्हॅन हेलन गेला, मोटरहेडचा लेमी तर 2015च्या डिसेंबरात गेला तेव्हा त्याच महिन्यात मंचावर उभा होता. आपण प्रत्येकाचं शेवटचं चित्रण शोधून काढतो आणि म्हणतो, बघ, अजूनही कसा वाजवतोय. त्या "अजूनही"चं मला हल्ली भय वाटतं. उरलेले सगळे सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. पुढच्या वेळी कुणी खुर्चीत बसून वर आला तर त्याला यायचं होतं की आपण बोलावलं, हे मला कसं कळणार? तुला त्या रात्री काकांमुळे आधी टोचलं. मला आता टोचतंय. याचं उत्तर मला तुझ्याकडून हवंय, कारण तू ठेका धरणारा आहेस आणि तुला आजारी माणसाच्या शेजारी बसायची सवय आहे. पण उत्तर द्यायच्या आधी ती चार गाणी बघ. अर्ध्यावर उठून दिलेलं उत्तर मी घेणार नाही.

बाकी तुझं काय? नवी नोकरी लागली असं ताईकडून कळलं, म्हणजे तू सांगितलंच नाहीस. अभिनंदन. काकू एकट्या राहतात का अजून? वहिनींना विचारलंय म्हणून सांग. आणि धाकट्याला ड्रम्स शिकवतोयस का, की तो हुशार निघालाय?

लंबू पुढच्या महिन्यात मोकळा आहे. तुझ्याकडे यायचं ठरवतोय आम्ही दोघं, नाही म्हणू नकोस. तो स्पीकर घेऊन येणार आहे, तुझ्याकडचे त्याला पसंत नाहीत.

तुझा,
खंबा

ता. क. लंबू म्हणतो, हाय-हॅटच्या त्या जागी वॉर्ड डाव्या पायाने काहीतरी करतो, ते आम्हाला दोघांनाही पकडता येत नाहीये. बघितलंस की लगेच कळव, पत्राची वाट बघू नकोस.